मेंढपाळी झोपडीचा ट्रेलर: अकरा महिने वापरून विकायला काढताना

ब्रिटनमध्ये ज्याला 'शेफर्ड्स हट' म्हणतात, त्याचा हा रस्त्यावर ओढता येणारा लहान अवतार. खोली ३ मीटर लांब, १.९ मीटर रुंद. पन्हळी पत्र्याचं कमानदार छप्पर, भिंतीत ५० मिमी लोकर, आत पाइनच्या फळ्या, आडवं दुभागलेलं दार आणि त्याच्या कोपऱ्यात लाकडं जाळायची शेगडी. एकच ॲक्सल, ब्रेक असलेला चॅसिस, चॅसिसवरच्या वजनाच्या पट्टीवर लिहिलेलं भरल्या ट्रेलरचं कमाल वजन १,३०० किलो.

मूळ झोपड्या दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेट, विल्टशायरकडच्या. मेंढ्या विण्याच्या हंगामात मेंढपाळाला रात्रंदिवस कळपापाशी राहता यावं म्हणून घोडे लावून त्या कुरणात ओढून नेत. आपल्या धनगरांचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर चालतं, इथे बिऱ्हाडालाच चाकं. पण ती चाकं ओतीव लोखंडाची. तसली झोपडी गाडीला जोडून रस्त्यावर नेता येत नाही, ट्रकवर चढवावी लागते. त्यामुळे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत 'रबरी टायर, ब्रेक, रस्त्यावर ओढण्याजोगी' असं लिहावं, नाहीतर निम्मे फोन बागेत ठेवायला झोपडी हवी असलेल्यांचे येतात. त्यांना विकायलाही हरकत नाही, पण ते चॅसिसचे पैसे मोजत नाहीत.

वापराबद्दल आधी सगळ्यात महत्त्वाचं: तोल. सामान भरून वजनकाट्यावर १,०५० किलो भरलं. त्याच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ५२ ते ७३ किलो, कपलिंगवर, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या टोकावर, पडायला हवेत. पडत होते ३८. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे ट्रेलर मागे डुलायला लागतो तो यामुळेच. कारण उघड आहे: या मांडणीत दार मागे, म्हणून ४० किलोची शेगडीही ॲक्सलच्या मीटरभर मागे. ॲक्सलपासून कपलिंग २.९ मीटरवर, म्हणजे एकटी शेगडीच पुढचे १४ किलो उचलते. २४ किलोची बॅटरीही मागच्या बाकाखाली होती. ती ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे, पलंगाखाली आणली आणि कपलिंगवरचा भार ५६ झाला. मोजायला खास यंत्र लागत नाही. सपाट जागी घरातला वजनकाटा ठेवायचा, त्यावर लाकडी ठोकळा, आणि कपलिंग गाडीच्या टो-बॉलच्या, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मागच्या गोळ्याच्या, उंचीवर येईल असं टेकवायचं. बॅटरी हलवली असेल तर खरेदीदाराला कारणासकट सांगा, नाहीतर तो 'जागा चांगली मिळते' म्हणून परत मागे नेईल.

दुसरी डोकेदुखी छप्पर. पत्रा गळत नाही, स्क्रू गळतात. रस्त्याच्या थरथरीने स्क्रूचं भोक रुंदावतं आणि रबरी वॉशर सैल पडतो. दर दोन महिन्यांनी सगळे स्क्रू हाताने तपासावेत. जो नुसता फिरत राहतो तो काढून एक माप जाड, स्टेनलेस स्टीलचा घालावा. साधा स्क्रू जिथे ओकच्या लाकडात जातो तिथे काळा डाग उमटतो. ती ओल नव्हे, लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांची प्रक्रिया आहे. पण बघायला आलेला माणूस डाग बघून ओल समजतो आणि भाव पाडतो. ओल मोजण्याचं यंत्र जवळ ठेवून त्याच्यासमोर टेकवावं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवावं, २० च्या वर म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

खरी ओल आतून येते. दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास बाष्प सोडतात, आणि ते गादीखालच्या गार फळीवर जमतं. पट्ट्यांचा पलंग आणि वर जाळीदार चटई एवढ्याने बुरशी थांबली. फोडणी मात्र दाराचा वरचा भाग उघडा ठेवूनच. हिंगाचा वास फळ्यांत बसला की आठवडाभर जात नाही, आणि गिऱ्हाईक दारातच नाक वर करतं. गॅस ब्रिटनमधल्या लाल बाटलीतला, म्हणजे प्रोपेन. निळ्या बाटलीतलं ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायूरूप होईनासं होतं आणि ऐन थंडीत बर्नर मलूल पडतो.

शेगडी ही या झोपडीची शान, आणि जोखीमही. प्रवासात धुराड्याचे सांधे हलतात, म्हणून वरचा तुकडा काढून भोकावर टोपण घालूनच ओढायचं. पोहोचल्यावर सांधे बघितल्याशिवाय पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. लहान खोलीत मोठा जाळ केला की पंधरा मिनिटांत दार उघडावं लागतं, त्यामुळे ३ किलोवॅटच्या वरची शेगडी इथे उगाच आहे.

कोपऱ्यांचे चार पाय झोपडी स्थिर ठेवायला असतात, उचलायला नव्हे. त्यांच्यावर जोर देऊन समतल केली की चौकट पिळवटते आणि दार घासू लागतं. दार घासलं की रंधा मारू नका, पाय सैल करून बघा.

आता विक्री. ट्रेलरला गाडीसारखं नोंदणीपत्र नसतं, म्हणून मूळ बिल आणि चॅसिस क्रमांक हाच मालकीचा पुरावा. जाहिरातीत आतल्या उशांचे फोटो कमी आणि खालचे जास्त हवेत: वजनाची पट्टी, ॲक्सल, ब्रेकच्या तारा, टायरवरचा चार अंकी कोड. '२३२१' म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा खर्च जाणकार माणूस किमतीतून कापणारच. सौर पॅनेल आणि बॅटरीचे पूर्ण पैसे मिळत नाहीत, निम्मे धरावेत.

खरेदीदाराने ब्रिटनमधली गाडी चालवण्याची परीक्षा १९९७ नंतर दिली असली तरी १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण त्याची गाडी १,३०० किलो ओढू शकते का, हे गाडीच्या पट्टीवरच बघायला सांगा. ही झोपडी शेतात मांडून पर्यटकांना भाड्याने द्यायचा बेत असेल तर नियोजन परवानगीचं त्याने आधी बघावं. चाकं आहेत म्हणून सगळं माफ होत नाही.

पैसे आपल्या बँक खात्यात जमा झालेले दिसल्यावरच कपलिंगचं कुलूप काढायचं, त्याच्या फोनवरचा 'पाठवले' असा संदेश बघून नव्हे. मग पाण्याची टाकी रिकामी, राख गार, गॅस बंद. त्याच्या गाडीला ट्रेलरच्या दिव्यांसाठी ७ पिनांचं सॉकेट असेल तर १३ पिनांच्या प्लगला ॲडॅप्टर, मागे त्याच्याच गाडीच्या क्रमांकाची पाटी, आणि ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी तार जोडलेली. दिवे एकाने दाबायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचे. चाकाचे नट पन्नास किलोमीटरवर परत आवळायला त्याला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं पहिल्याच वळणावर विसरतात.