फुकटचं कुलूप, पण एकाच दाराला: ओपनएसएसएल ३.५ आणि ओपनएसएसएच १० ची पारख

काय पारखलं: डेबियन १३ या लिनक्स प्रणालीसोबत येणारी ओपनएसएसएल ३.५ (वेबची जोडणी कूटबद्ध करणारं) आणि ओपनएसएसएच १० (सर्व्हरमध्ये दुरून शिरायची वाट कूटबद्ध करणारं) ही जोडी, उद्याच्या क्वांटम संगणकापुढे टिकेल का या कसोटीवर. किंमत: शून्य. कोणासाठी: मराठवाड्यातल्या नागरी बँका, मोठ्या पतसंस्था, रुग्णालयं आणि वाळूज-शेंद्र्यातले औषध कारखाने. गुण: तारेवरून जाणाऱ्या माहितीसाठी पाचपैकी चार, कपाटात पडून असलेल्या माहितीसाठी दीड.

आधी हे कोणाला हवं ते बघू. लातूरच्या एखाद्या रुग्णालयात विशीतल्या मुलाची एचआयव्हीची किंवा मानसोपचाराची नोंद आज झाली, तर ती पुढची पन्नास वर्षं तरी झाकलेली राहायला हवी. २०१७ च्या दोन्ही कायद्यांनी, एचआयव्ही-एड्सच्या आणि मानसिक आरोग्याच्या, रुग्णाला गोपनीयतेचं संरक्षण दिलं आहे. आता ही नोंद शाखेतून सर्व्हरकडे जाताना कोणी तारेवरच उचलून ठेवली तर? आज त्याला ती वाचता येत नाही. पण सोयाबीन काढलं की बनीम लावून ठेवतात आणि मळणीयंत्र मिळेल तेव्हा रास करतात, तसंच हे. त्या मळणीची रीत गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच कागदावर मांडली आहे, यंत्र तेवढं यायचं आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक उभा राहिला की आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह ही आजची दोन्ही कुलपं उघडी पडतात.

कूटलेखनतज्ज्ञ मिशेल मोस्का यांचा हिशेब सोपा आहे. माहिती गुप्त ठेवायची वर्षं आणि यंत्रणा बदलायला लागणारी वर्षं यांची बेरीज करा. ती क्वांटम संगणक यायच्या वर्षांपेक्षा जास्त भरली, तर उशीर झालेला आहे. तीन मिनिटांत मरणाऱ्या ओटीपीला या हिशेबाचं सोयरसुतक नाही. पन्नास वर्षांच्या केसपेपरला मात्र आहे, आणि तिथं संगणक नक्की कधी येणार याचा अंदाज बांधत बसायचीही गरज नाही.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानकं पक्की केली. त्यातलं किल्ली ठरवायचं मानक एमएल-केईएम. ८ एप्रिल २०२५ ला आलेल्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये ते आत बसवलेलंच आहे, वेगळा जोड लावावा लागत नाही. शिवाय जुनं एक्स२५५१९ आणि नवं एमएल-केईएम-७६८ अशी दुहेरी गाठ ते न सांगता पुढे करतं. दोन्हींपैकी एक टिकलं तरी गुपित टिकतं. नव्यावर अजून पुरता विश्वास न बसलेल्यांसाठी ही रचना योग्य आहे.

बसवायला अर्धा दिवस पुरतो. चालू सर्व्हरचं ओपनएसएसएल उपटून नवं घालायच्या फंदात पडू नका, त्यात अर्ध्या सेवा झोपतात. डेबियन १३ चं वेगळं आभासी मशीन उभं करा, त्यावर एनजिन्क्स हा वेब सर्व्हर टाका आणि तो जुन्या ॲप्लिकेशनच्या पुढ्यात रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे बाहेरची जोडणी आधी स्वतः घेणारा मध्यस्थ म्हणून, लावा. कोअर बँकिंग जाव्हावर असेल तर दुसरा सोयीचा मार्ग नाही. जाव्हा २४ मध्ये एमएल-केईएम आलं खरं, पण टीएलएसच्या (वेबवरच्या कूटबद्ध) जोडणीत नाही, आणि आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअर जाव्हा ८ वरून हलायलाच तयार नसतात. प्रॉक्सी ते ॲप्लिकेशन हा शेवटचा टप्पा एकाच प्रत्यक्ष मशीनच्या आत ठेवा. तो अख्ख्या लॅनवरून फिरवला तर केलेलं पाण्यात.

मग तपासणी. ओपनएसएसएलच्याच एस-क्लायंट आज्ञेने सर्व्हरला जोडा आणि उत्तरात 'निगोशिएटेड टीएलएस १.३ ग्रुप' ही ओळ शोधा. तिथं एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ दिसलं पाहिजे. नुसतं एक्स२५५१९ दिसलं, तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. पहिलं, जुन्या ऑडिटच्या वेळी कोणीतरी एनजिन्क्सच्या कॉन्फिगमध्ये कर्व्हची, म्हणजे चालणाऱ्या गाठींची, यादी हाताने लिहून ठेवलेली असते. ती ओळ नव्या मशीनवर जशीच्या तशी उतरते आणि नवी गाठ यादीतच नसल्याने गळते. ओळ काढून टाका किंवा दुहेरी गाठ तिच्यात सर्वांत पुढे लिहा. दुसरं, टीएलएस १.३ बंद आहे. ही गाठ १.२ वर चालतच नाही. तिसरं कारण सर्वांत फसवं. सर्व्हरच्या पुढे वेब फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर बसलेला असतो आणि टीएलएस तिथंच संपतं. मागे कितीही नवं कुलूप लावा, गिऱ्हाईक बोलतं ते त्या डब्याशी.

शाखांमध्ये आणखी एक भानगड निघते. जुनी जोडणी सुरू करताना ब्राउझर ३२ बाइटची किल्ली पाठवायचा, आता १,२१६ बाइट पाठवतो. बाकीच्या मजकुरासकट पहिला निरोप १,५०० बाइटच्या पाकिटात मावत नाही आणि दोन पाकिटांत तुटतो. ब्रॉडबँड पीपीपीओई असेल तर हद्द १,४९२ ची, म्हणजे आणखी आखूड. टीसीपीला याचं काही वाटत नाही. पण काही जुने फायरवॉल साइटचं नाव पहिल्याच पाकिटात शोधतात, ते सापडलं नाही की जोडणी तोडतात. लक्षण असं: मुख्य कार्यालयातून साइट उघडते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडते, फक्त त्या शाखेच्या लाइनवर फिरत राहते. त्या शाखेतूनच एस-क्लायंटला फक्त एक्स२५५१९ सांगून बघा. लगेच जोडलं तर दोषी फायरवॉल. त्याचं फर्मवेअर बदला. सर्व्हरवरची नवी गाठच बंद करून 'प्रॉब्लेम सॉल्व्ह' लिहिणारे भेटतात, त्यांना आवरा.

आणि काउंटरवरचा विंडोज ७? क्रोम त्यावर १०९ व्या आवृत्तीला थांबलं. एमएल-केईएमसाठी क्रोम १३१ किंवा फायरफॉक्स १३२ लागतं. जुना ब्राउझर तक्रार करत नाही, मुकाट जुन्या गाठीवर उतरतो आणि पडद्यावरचं कुलपाचं चित्र तसंच दिसतं. या उत्पादनावरची आमची सर्वांत मोठी नाराजी हीच: घसरण झाली तरी कोणाला कळत नाही. उपाय म्हणून एनजिन्क्सच्या लॉगमध्ये एसएसएल-कर्व्ह हा चल जोडा. आठवडाभरात कोणत्या शाखेचं कोणतं मशीन मागे आहे ते आयपीसकट समोर येतं. नावाऐवजी सोळाच्या पायातला ११ईसी हा आकडा दिसला तर घाबरू नका, दुहेरी गाठीचा क्रमांक तोच आहे.

एसएसएचचं काम त्या मानाने सुखाचं. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासूनच, एक क्वांटमरोधी गाठ मुळात चालू आहे. १० मध्ये तिची जागा एमएल-केईएमने घेतली. उबुंटू २४.०४ वापरणारे नकळत सुरक्षित आहेत, फक्त एसएसएचपुरते. विंडोजवरून एसएसएच जोडायला पुटी वापरत असाल तर ०.८३ घ्या. रोज संध्याकाळी एसएफटीपीने फाइल ढकलणारं मशीन सेंटओएस ७ वर असेल तर त्याचा नाद सोडा, त्याला ३० जून २०२४ नंतर दुरुस्त्याही मिळत नाहीत. १०.१ पासून जुन्या गाठीवर जोडलं की स्पष्ट इशारा छापला जातो. डेबियन १३ मध्ये १०.० असल्याने तो मिळत नाही, ही चुटपुट राहते.

शाखा-व्हीपीएन या जोडीच्या कक्षेत येत नाही. तिथं स्ट्राँगस्वान ६.० हे व्हीपीएन सॉफ्टवेअर एमएल-केईएम जाणतं. राउटर जुना असेल तर तो आरएफसी ८७८४ या इंटरनेट मानकातली आधी वाटलेली किल्ली घेतो का ते विचारा. घेत असेल तर नवा राउटर न घेताही भागतं. मात्र ती ३२ बाइटची यादृच्छिक हवी, शाखेचं नाव आणि पिनकोड नव्हे.

घोडं पेंड खातं ते साठवणीत. बॅकअपची डिस्क दर शनिवारी दुसऱ्या इमारतीत जाते, फाइल जीपीजी या प्रोग्रामने आरएसए किल्लीवर बंद केलेली असते, आणि सगळे निश्चिंत. आतला मजकूर एईएसने (बंद करायला आणि उघडायला एकच किल्ली) बंद असतो, त्याला क्वांटमची फारशी भीती नाही. पण त्या एईएसची किल्ली आरएसएच्या पाकिटात त्याच फाइलच्या डोक्यावर चिकटवलेली असते. म्हणजे तिजोरी पोलादी आणि चावी कागदी पाकिटात. चोराला तार टॅप करायचीही गरज नाही, डिस्कची एक नक्कल पुरे. ओपनएसएसएल ३.५ इथं जवळपास हात वर करतं. एमएल-केईएमने ३२ बाइटचं गुपित काढून देणारी आज्ञा आहे, पण त्यावरून फाइल कशी बांधायची ते तुमच्यावर. त्याची एन्क ही आज्ञा तर जीसीएम (छेडछाड पकडणारी पद्धत) चालवतच नाही, त्यामुळे फाइलमध्ये कोणी ढवळाढवळ केली तरी कळणार नाही. घरगुती स्क्रिप्ट लिहू नका.

आम्ही सुचवू ते असं. बॅकअपला रेस्टिक हा प्रोग्राम वापरा. त्यात आरएसए कुठंच नाही, एईएस-२५६ आणि सोबत छेडछाड पकडणारी मोहोर आहे. डिस्कवर लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क-कुलूप. पासफ्रेज यंत्राने बनवलेला, कागदावर छापून दोन पाकिटांत दोन अधिकाऱ्यांच्या सहीने, वेगवेगळ्या लॉकरमध्ये. दर तिमाहीला एक फाइल प्रत्यक्ष परत काढून बघा, कारण पासफ्रेज हरवला तर क्वांटम संगणकही ते उघडून देणार नाही. जुन्या आरएसए-बंद फाइली नव्याने बांधून झाल्या की जुन्या डिस्क नष्ट करा. भंगारवाल्याला देऊ नका.

सह्यांची घाई नको. खोटी सही करायला क्वांटम संगणक त्या दिवशी हातात असावा लागतो, आजची जोडणी मागे जाऊन बनावट करता येत नाही. निस्टच्या तीन मानकांतल्या एमएल-डीएसए या सहीच्या मानकाची (६५ या प्रकारची) एक सही ३,३०९ बाइटची, जुनी इलिप्टिक कर्व्ह पी-२५६ ची ६४. अपवाद अमेरिकेला माल पाठवणाऱ्या औषध कारखान्यांचा: बॅच रेकॉर्डवरची इलेक्ट्रॉनिक सही पुढची कित्येक वर्षं खरी ठरवावी लागते. तिथं किमान सर्व जुन्या नोंदींचे हॅश (गणिती ठसे) एकत्र करून त्यावर एमएल-डीएसएची मोहोर उठवण्याचा प्रयोग आतापासून करा. आज्ञा ३.५ मध्ये आहेत.

ऑडिटर विचारेल, 'फिप्स आहे का?' फिप्स म्हणजे अमेरिकी सरकारची मानकं. फिप्स २०३ (एमएल-केईएमचं मानक) प्रमाणे गणित करणं वेगळं आणि फिप्स १४०-३ खाली ती आवृत्ती तपासून प्रमाणपत्र मिळणं वेगळं. विक्रेत्याकडून प्रमाणपत्राचा क्रमांक मागा आणि त्यावर कोणती आवृत्ती आहे ते वाचा. माहितीपत्रकावर निळा अणू छापून 'क्वांटम-सेफ' पेटी विकायला येणाऱ्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: कोणतं अल्गोरिदम, कोणता पॅरामीटर, जुन्या गाठीवर घसरलं तर लॉगमध्ये दिसतं का. प्रकाशाच्या कणांवरून किल्ली पाठवायची खास केबल औशाच्या शाखेला नको आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने जुलै २०२५ च्या मार्गदर्शिकेत कुठं कोणतं कूटलेखन वापरलं आहे याची यादी ठेवायला सांगितलं आहे. वरचा लॉग आठवडाभर चालवला की त्या यादीची पहिली चार पानं आपोआप भरतात.

३.५ ला एप्रिल २०३० पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील. बदली मशीनचा खर्च त्या हिशेबाने पाच वर्षांवर पसरवून संचालक मंडळापुढे ठेवा.