स्मॉलविल : सुपरमॅनसाठी नाही, त्याच्या घरच्यांसाठी बघा

सुपरहिरोची सीरीज म्हटलं की डोक्यात पहिलं येतं ते मारामारी, कोसळणाऱ्या इमारती आणि आकाशात हिरो. स्मॉलविलमध्ये त्यातलं फार कमी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या ऑफिसातल्या दोघांनी माझं ऐकून ती चालू केली आणि तिसऱ्याच एपिसोडला मला विचारलं की हा उडतो कधी. उडत नाही. बनवणारे आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं, तो ड्रेस नाही आणि उडणं पण नाही, आणि चौथ्या सीझनच्या सुरुवातीला तो स्वतःच्या ताब्यात नसताना एकदा उडतो तेवढं सोडलं तर हा नियम सीरीजने पार शेवटच्या भागापर्यंत पाळला. ऑक्टोबर २००१ ते मे २०११, दहा सीझन, २१७ एपिसोड, एकेक साधारण ४२ मिनिटांचा. म्हणजे चालू करायच्या आधी आपण कशासाठी बघतोय हे माहीत असलेलं बरं.

मला विचाराल तर ही सीरीज एका चांगल्या घराची आहे. साधी, कष्टाळू, सज्जन माणसं, आणि त्या घराला रोज खोटं बोलावं लागतं. त्या खोट्यापायी काय काय हातचं जातं, ते ह्यात जेवढं नीट दाखवलंय तेवढं मी दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोच्या गोष्टीत पाहिलेलं नाही.

कथा थोडक्यात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात स्मॉलविल नावाचं छोटं गाव, आजूबाजूला मक्याची शेतं. १९८९ मध्ये तिथे उल्कांचा पाऊस पडतो आणि त्याच पावसात एक यान येतं, त्यात एक लहान मुलगा. मूलबाळ नसलेलं केंट जोडपं त्याला घरी आणतं. तोच क्लार्क, पुढे जाऊन सुपरमॅन होणारा. सीरीज सुरू होते तेव्हा तो हायस्कूलला आहे, धावतो भन्नाट पण फुटबॉल खेळायला घरून परवानगी नाही, कारण कुणाला लागलं तर काय घ्या. टॉम वेलिंगने हा लाजरा, अंग चोरून वावरणारा पोरगा फार छान केलाय.

पहिल्या भागातली सगळ्यात जबरी गोष्ट म्हणजे ते उल्का प्रकरण. क्लार्क ज्या दिवशी आला त्याच दिवशी गावातली माणसं मेली. शेजारची लाना, जिच्यावर त्याचा जीव आहे, तिचे आईवडील तिच्या डोळ्यांदेखत गेले. नऊ वर्षांचा लेक्स लुथर शेतात होता, त्याचे सगळे केस कायमचे गेले. शाळेच्या पेपरचं काम बघणारी क्लोई, तिने ऑफिसच्या एका अख्ख्या भिंतीवर गावात घडलेल्या विचित्र गोष्टींची कात्रणं लावून ठेवलीयत, ती भिंत क्लार्क बघतो आणि त्यात छोट्या लानाचा रडतानाचा फोटो, आणि त्याच्या तोंडून निघतं की हे सगळं माझ्यामुळे झालं. बाकी हिरो आपण जगाला वाचवणार म्हणून सुरुवात करतात, हा बिचारा आपल्या येण्याने एवढ्यांचं वाटोळं झालं हे डोक्यावर घेऊन सुरुवात करतो. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एवढं ओझं टाकणं ही लिहिणाऱ्यांची कमाल आहे.

त्याच भागात एक सीन आहे. लेक्सची गाडी पुलावर भरधाव येऊन क्लार्कला धडकते, दोघं नदीत, क्लार्क त्याला बाहेर काढून वाचवतो. लेक्स आभार म्हणून नवाकोरा ट्रक पाठवतो आणि वडील म्हणतात परत कर, लुथरच्या पैशाचं काही नको. क्लार्क वैतागतो. मग म्हणतो, मी गाडीमागे उडी नाही मारली, गाडी मला येऊन धडकली, हे नॉर्मल वाटतं का तुम्हाला? आणि बोलता बोलता लाकडं बारीक करायच्या चालू मशीनमध्ये हात घालतो. वडील धावतात. हाताला ओरखडा नाही. वडिलांचं, म्हणजे जोनाथनचं काम करणाऱ्या जॉन श्नायडरचा त्या क्षणाचा चेहरा बघा, हाताला काही झालं नाही हे त्याला माहीत असायला हवं आणि तरी तो बापासारखाच घाबरलेला आहे. त्यानंतर तो पोराला तळघरात नेऊन यान दाखवतो. सगळा सुपरमॅन एका बाजूला आणि हा सीन एका बाजूला.

मी वाढले लालबागला चाळीत. तिकडे शेजारच्यांकडे काय भाजी झाली हे कॉमन गॅलरीत बसल्या बसल्या कळायचं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराला कमी मार्क पडले, काही लपायचं नाही, आणि तरीही प्रत्येक खोलीत एखादी गोष्ट असायचीच जी उंबऱ्याबाहेर जायची नाही. ‘घरातलं घरात’ हे वाक्य ऐकत आपण सगळेच मोठे झालो. त्यामुळे केंटांच्या किचनमध्ये तिघं खालच्या आवाजात बोलत असतात आणि दारावर कुणीतरी आलं की तिघंही एका सेकंदात गप्प होतात, ते बघताना मला कॅन्सस वगैरे काही आठवत नाही. अ‍ॅनेट ओटूलने केलेली मार्था तर अशी हसून दार उघडते की वाटतं ही बाई हे वर्षानुवर्षं करतेय. (ओटूल १९८३च्या सुपरमॅनच्या तिसऱ्या सिनेमात लाना होती, इथे तीच क्लार्कची आई आहे.)

आता लेक्स. मायकेल रोझेनबॉमने लेक्स जो केलाय त्याला तोड नाही, आणि खरं सांगायचं तर सीरीज टिकली ती अर्धी त्याच्यामुळे. आपल्याला माहीत असतं की हा पुढे जाऊन सुपरमॅनचा सगळ्यात मोठा शत्रू होणार, आणि इथे तो दर एपिसोडला चांगलं वागायचा प्रयत्न करतोय. त्याला मित्र नाही. ज्याने जीव वाचवला त्या पोरात त्याला भाऊ दिसतो. फक्त त्याला एक गोष्ट खटकते, की गाडी त्या पोराला लागली हे मला आठवतंय, मग हा नाही का म्हणतो? तो ती चेपलेली गाडी जपून ठेवतो, तपासून घेतो, आणि क्लार्क दरवेळी तोंडावर सांगतो, तसं काही झालंच नाही. लेक्स काही खुळा नाहीये. त्याला दरवेळी कळतं की समोरचा खोटं बोलतोय. तिसऱ्या सीझनच्या शेवटी क्लार्कला ती खोली सापडते जिथे लेक्सने त्याच्याबद्दल सगळं जमवून ठेवलंय, आणि मैत्री तिथे संपते. विश्वासघात नक्की कुणी केला ह्यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. आई म्हणते, क्लार्कच्या वडिलांनी आधीपासून सांगितलं होतं ना, त्या लुथरच्या पोरापासून लांब राहा, बरोबर निघालं त्यांचं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बाप तसा म्हणून पोरगा तसा, असं पहिल्या दिवसापासून धरून चाललात तर पोरगा शेवटी तसाच होणार. आणि दुसऱ्या सीझनमध्ये कळतं की क्लार्कच्या दत्तकाची कागदपत्रं जमवून द्यायला लेक्सच्या बापानेच मदत केलेली आणि त्या बदल्यात जोनाथनने गावातल्या एका कुटुंबाला त्यांचा कारखाना लुथरला विकायला तयार केलं होतं. म्हणजे जोनाथनचा राग नुसता लुथरवर नाही, स्वतःवर पण आहे. हे ज्यांनी लिहिलं त्यांना सलाम.

जॉन ग्लोव्हरचा लायनेल लुथर, म्हणजे लेक्सचा बाप, हा आवाज न चढवता अंगावर काटा आणणारा माणूस. त्याने पोराला स्मॉलविलला खताचा कारखाना चालवायला पाठवलंय, शिक्षा म्हणूनच. लेक्स तो कारखाना खरंच रांगेला लावतो, कामगारांशी नीट वागतो, आणि पहिल्या सीझनच्या शेवटी बाप येऊन कारखाना बंद करतो आणि खापर फोडतो पोराच्या डोक्यावर. तिथे लेक्स कामगारांना उभं करून आपण मिळून कारखाना विकत घेऊ म्हणतो, आणि बापाने त्याच्यावर आधीच तोड काढून ठेवलेली असते. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा भाग वेगळाच लागतो. १९८२च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, आमच्या मजल्यावरच्या किती घरांतले त्यात, आणि पुढे ज्या गिरण्या गेल्या त्या जागांवर आज काय उभं आहे ते लोअर परळला उतरणारा रोज बघतो. त्यामुळे कारखान्याच्या शेडमध्ये गोळा झालेली ती माणसं, वरून सूट घालून बोलणारा मालक, हे सगळं पाच मिनिटांत उरकलंय तरी माझे बाबा टीव्हीसमोर सावरून बसले होते. सुपरहिरोच्या सीरीजमध्ये बाबांनी आपणहून आवाज वाढवायला सांगितलेला हा एकमेव सीन. आणि त्याच भागात पुढे टॉर्नेडो येतो, लायनेल खांबाखाली अडकतो, हात पुढे करतो, आणि लेक्स उभा राहतो. नुसता उभा. काही सेकंदच, पण तिथे कळतं की पोराला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत. पहिल्या दोन सीझनमध्ये ठरलेला साचा आहे, उल्केच्या हिरव्या दगडामुळे गावातल्या कुणाला तरी शक्ती येते, तो डोकं फिरून माणसं मारत सुटतो, शेवटच्या पाच मिनिटांत क्लार्क त्याला धरतो, आणि पुढच्या आठवड्यात गाव सगळं विसरलेलं. कुणी किडे बोलावतो, कुणी लोकांच्या अंगातली उष्णता शोषून घेतो. ह्यातले काही बघायला मजा येते, बरेचसे पुढे ढकलले तरी चालतात. व्हीएफएक्स त्या काळातले, चालायचंच. पण लाना आणि क्लार्कचं प्रेमाचं चऱ्हाट मात्र सहन होत नाही. जवळ येतात, तो काही सांगत नाही, ती रडते, दूर जातात, परत तेच, आणि सात सीझन हे दळण चालू आहे. क्रिस्टिन क्रूक काम वाईट करत नाही, तिला लिहून दिलंयच तेवढं. ह्याउलट क्लोई, जी कॉमिक्समध्ये नव्हतीच, खास सीरीजसाठी तयार केली, ती दर सीझनला वाढत जाते. तिला क्लार्कचं गुपित चौथ्या सीझनमध्ये कळतं आणि ती त्याला जाणवूही देत नाही, हा स्वतःहून सांगेल म्हणून थांबते. सगळ्या सीरीजमध्ये गुपिताशी एवढ्या मोठ्या मनाने वागलेली तीच.

दुसऱ्या सीझनमधला ‘रोझेटा’ हा एपिसोड मात्र काहीही झालं तरी चुकवू नका. क्लार्कला आपण कुठून आलो हे सांगणारा शास्त्रज्ञ त्यात आहे, डॉक्टर स्वान, आणि ते काम केलंय ख्रिस्तोफर रीव्ह यांनी. १९७८च्या सिनेमातला सुपरमॅन. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखालचं शरीर लुळं पडलं होतं, ते व्हीलचेअरवर बसून नव्या पोराला सांगतात की तुझं गाव, तुझा ग्रह उरलेला नाही. जुन्या सिनेमाचं संगीत मागे हलकेच वाजतं. माझा भाचा बारा वर्षांचा, त्याला हे कोण ते माहीत नव्हतं, सांगितल्यावर त्याने तो सीन मागे घेऊन परत बघितला आणि मला म्हणाला, मावशी, म्हणजे खरा सुपरमॅन ह्याला शिकवतोय. रीव्ह २००४ मध्ये गेले, त्याआधी तिसऱ्या सीझनमध्ये आणखी एकदा येऊन गेले.

पुढचं वाक्य ज्यांना आधी कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. पाचव्या सीझनमध्ये शंभराव्या एपिसोडला जोनाथन जातो, निवडणूक जिंकल्याच्या रात्री. क्लार्क लानाला सगळं खरं सांगतो, त्यातून ती मरते, तो काळ मागे फिरवून तिला वाचवतो आणि त्याची किंमत म्हणून बाप जातो. म्हणजे खरं बोलून बघितलं तर ते पण अंगाशी आलं, आता ह्या पोराने करायचं काय? बर्फात अंत्ययात्रा आहे, कुणी फार बोलत नाही. आमच्याकडे त्या दिवशी जेवणं उशिरा झाली.

त्यानंतर सीरीज माझ्यासाठी उतरतीला लागली. सहाव्या सीझनला जस्टिन हार्टलीचा ऑलिव्हर क्वीन (ग्रीन अ‍ॅरो नावाचा दुसरा सुपरहिरो) येतो, त्याच्यामुळे जरा जान येते. सातव्यानंतर गॉफ आणि मिलर दोघंही सोडून गेले आणि रोझेनबॉमही, आणि लेक्स नसलेलं स्मॉलविल म्हणजे फोडणी नसलेली आमटी. एरिका डुरान्सची लोइस, कॉमिक्समधली सुपरमॅनची प्रेयसी, चौथ्या सीझनपासून आहे, शेवटचे तीन सीझन तिने आणि टॉम वेलिंगने ओढून नेलेत, दोघांचं जमतं पण छान, लानाबरोबर जे कधी जमलं नाही ते इथे पहिल्या भांडणापासून जमतं. शेवटच्या भागात लेक्स परत येतो, दोघं समोरासमोर उभे राहतात, तो सीन दहा वर्षं वाट बघितल्याचं सार्थक करतो. ड्रेस घातलेला टॉम वेलिंग मात्र आपल्याला धड दाखवतच नाहीत, लांबून कॉम्प्युटरवर केलेला ठिपका आणि शेवटी शर्ट उघडून छातीवरचं चिन्ह, बस. एवढ्या वर्षांनी प्रेक्षकाला तेवढं द्यायला हवं होतं, मला तो राग अजून आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, पहिल्या तीन सीझनना साडेचार. वेळ कमी असेल तर पहिले तीन पूर्ण बघा, पाचवा शंभराव्या एपिसोडपर्यंत, मग थेट शेवटचा भाग, मधलं फार अडणार नाही. मुलांबरोबर बघत असाल तर साधारण बारा वर्षांच्या पुढे ठीक आहे, त्याहून लहान असतील तर उल्कावाल्यांचे काही खून भीतीदायक आहेत, आधी तुम्ही एकदा नजर टाका. आणि सबटायटल चालू ठेवा, लायनेल लुथर महत्त्वाचं जे काही बोलतो ते सगळं कुजबुजत बोलतो, आणि खाली रस्त्यावर बेस्टची बस जात असेल तर त्यातलं एक अक्षर ऐकू येत नाही.