कोडनेम्स: सहा जणींच्या फ्लॅटमधला मराठी डाव

बोर्ड गेम घ्यायला निघालं की सहा हा आकडा फार अडचणीचा ठरतो. पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जणी राहतो: अमरावतीची, जळगावची, मालवणची, नाशिकची, साताऱ्याची आणि मी सोलापूरची. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून पहिला खेळ आणला तेव्हा हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. नाव ऐकलेलं होतं म्हणून 'कटान' आणला. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली जर्मनीत आला आणि त्याच वर्षी तिथला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कारही त्याला मिळाला. खेळ खरंच छान आहे. लाकूड, वीट, लोकर, धान्य आणि खनिज यांची अदलाबदल करत वस्त्या वाढवायच्या, दहा गुण झाले की जिंकलं. पण मूळ खोक्यात खेळायची सोय चौघांपर्यंतच. पाच-सहा जणांसाठीचा जोडसंच वेगळा विकत घ्यावा लागतो. आमचा एक डाव दीड तास चालायचा, म्हणजे दर वेळी दोघी दीड तास नुसत्या बघत बसायच्या. तिसऱ्या रविवारी त्या दोघी आपापल्या खोलीत निघून गेल्या. घरात सगळ्या असताना चौघींनीच खेळायचं, हे मला बरं वाटेना.

मग एका मैत्रिणीकडून 'पँडेमिक' आणला. मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा खेळ. यात सगळ्यांनी मिळून जगभर पसरणाऱ्या चार साथींशी लढायचं असतं. नकाशावर मुंबईही आहे, आणि तिथे साथ दाखवणाऱ्या काळ्या ठोकळ्यांची मर्यादा ओलांडली की साथ कराची, दिल्ली आणि चेन्नईत पसरते. पहिल्या डावात मुंबई वाचवायला आम्ही एवढ्या धावलो की बाकीचं जग हातातून गेलं. हाही चौघांपर्यंतचाच. शिवाय यात आणखी एक गोष्ट होते. जिला नियम पक्के पाठ आहेत ती हळूहळू सगळ्यांच्या चाली ठरवायला लागते आणि बाकीच्या फक्त सोंगट्या सरकवतात. दोघी-तिघी असाल आणि एकमेकींचं ऐकून घेणाऱ्या असाल तर जरूर खेळा.

आमच्या घराचा खेळ ठरला तो 'कोडनेम्स', आणि हे परीक्षण त्याचंच आहे. व्लादा ख्वातिल या चेक माणसाने तो बनवला, २०१५ साली तो बाजारात आला आणि २०१६ चा जर्मन पुरस्कार त्याने मिळवला. टेबलावर पंचवीस शब्दांची कार्डं पाच बाय पाचच्या चौकटीत मांडायची. दोन संघ. दोन्ही संघांची एकेक जण टेबलाच्या एकाच बाजूला बसते आणि फक्त त्या दोघींनाच दिसतं असं एक छोटं कार्ड त्यांच्यापुढे उभं असतं. कुठले शब्द लाल संघाचे, कुठले निळ्याचे, हे त्यावर कळतं. सुरुवात करणाऱ्या संघाचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत, आणि एक काळं कार्ड, म्हणजे मारेकरी. क्लू देणारीने एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, आणि तिच्या संघाने तेवढे शब्द ओळखून त्यांच्यावर बोट ठेवायचं. मारेकऱ्यावर बोट पडलं की डाव तिथेच संपला. तेही हरूनच.

एक डाव पंधरा-वीस मिनिटांत होतो. सहा जणींचे तीन-तीनचे संघ होतात, कुणी पाहुणी आली तर चार-तीन. कुणीही मध्येच चहा ठेवायला उठू शकते. एका रात्रीत चार डाव होतात आणि क्लू देण्याची पाळी फिरत राहते. वेगवेगळ्या वेळांना कामावरून येणाऱ्या बायकांच्या घरात याहून सोयीचा खेळ मी पाहिलेला नाही.

घेताना मात्र जपून घ्या. आमचा पहिला संच ऑनलाइन स्वस्तात मिळाला आणि तो नकली निघाला. कार्डं पातळ, कडा सुटलेल्या, आणि गुप्त कार्डांवरचा लाल रंग इतका फिका की ट्यूबलाइटखाली तो कुणाचेच नसलेल्या शब्दांच्या फिकट रंगासारखा दिसायचा. ज्या खेळात सगळा डाव त्या रंगावर चालतो तिथे हे चालण्यासारखं नाही. तो परत केला आणि दुकानात जाऊन, खोकं उघडून दाखवायला सांगून दुसरा घेतला. सहा जणींत विभागल्यावर फार महाग पडला नाही. खोक्यात काय असायला हवं ते सांगते: दोनशे शब्दकार्डं, दोन्ही बाजूंना शब्द, म्हणजे एकूण चारशे, गुप्त नकाशाची चाळीस कार्डं, ती चारही बाजूंनी फिरवून लावता येतात, वाळूचं घड्याळ आणि ओळखलेल्या शब्दांवर ठेवायची लाल-निळी झाकणकार्डं. प्रत्येक कार्डावर शब्द दोनदा छापलेला असतो, एक सुलट आणि एक उलट, म्हणजे समोर बसलेलीलाही वाचता येतो. एवढा साधा विचार किती उपयोगी पडतो ते पुढे आम्ही स्वतः कार्डं करायला बसलो तेव्हा समजलं.

कार्डं स्वतः का करावी लागली, तर शब्द इंग्रजी आहेत म्हणून. आम्हा सगळ्यांना इंग्रजी कामापुरतं चांगलं येतं. पण या खेळात शब्दाचा नुसता अर्थ माहीत असून भागत नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं ठाऊक असावं लागतं. लेप्रेकॉन, लॉक नेस असे शब्द आले की आमच्यात शांतता व्हायची. डाव नोकरीच्या परीक्षेसारखा वाटायचा, आणि मालवणची, जी एरवी घरात सगळ्यांत जास्त बोलते, ती एकदम गप्प होऊन जायची. मला ते बघवेना.

अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणले, दोन मार्कर आणले आणि एका शनिवारी सगळ्या जमिनीवर बसून शब्द लिहायला लागलो. पहिल्या दिवशी दोनशे लिहिले. त्यातले चाळीसेक पुढच्या महिन्याभरात फेकून दिले. प्रामाणिकपणा, प्रगती, समाधान असे शब्द टेबलावर मेल्यासारखे पडून राहतात, त्यांना कशाशीच जोडता येत नाही. थर्मामीटर म्हटलं की तापाखेरीज काही सुचत नाही. खेळायला लागतात ते हाताने धरता येणारे, आणि जमलं तर दोन-तीन अर्थांचे शब्द. आणि मराठी त्यांनी नुसती भरलेली आहे! पान झाडाचं, वहीचं, विड्याचं आणि पंगतीतलं. अंक गणितातला, नाटकातला, दिवाळीचा. चाल गाण्याची, बुद्धिबळातली, माणसाची. कळ पोटातली आणि दिव्याची. नाव, माळ, भाव, पाठ, साल, सुपारी, तीर. जन्मापासून हे शब्द वापरत आलो आणि त्या शनिवारी पहिल्यांदा ते असे शेजारी शेजारी मांडलेले पाहिले.

क्लू देतानाही तीच मजा. नाशिकचीने एकदा 'वर, तीन' म्हटलं आणि तिच्या संघाने ओळीने गच्ची, मुंडावळ्या आणि तपश्चर्या उचलले. माझा आवडता 'हार, तीन': फूल, गळा, निवडणूक. मूळ नियमाप्रमाणे हे सगळं चालतं. क्लू अर्थाशी जोडलेला हवा, अक्षरांशी नको, एवढंच बंधन.

मराठीत खेळायचं म्हणजे काही नियम आपले आपणच ठरवावे लागतात, कारण ते पुस्तिकेत असणं शक्यच नाही. टेबलावर 'घर' असेल तर 'घरकुल' चालणार नाही, हे सरळ आहे. सामासिक शब्द चालेल की नाही यावर वाद झाला. शेवटी शब्दकोशात एक शब्द म्हणून असेल तर चालेल असं ठरलं, आणि न्यायाधीश म्हणून मोल्सवर्थचा १८५७ चा कोश फोनवर उघडून ठेवला. 'जात' सारखा शब्द तोंडी सांगितला की ज च्या उच्चारावरूनच अर्थ फुटतो, म्हणून असे क्लू पाटीवर लिहून दाखवायचे. सगळ्यांत मोठा वाद लिंगाचा झाला. टेबलावर माती, म्हैस, कोळसा आणि फळा होते. पहिले दोन माझ्या संघाचे, उरलेले दोन समोरच्यांचे. इंग्रजीत 'ब्लॅक' म्हणायची माझी हिंमत झाली नसती. मी 'काळी, दोन' म्हटलं आणि माझ्या संघाने कोळसा-फळ्याकडे पाहिलंही नाही. समोरून आरडाओरडा झाला, ही फसवणूक आहे म्हणून. मी अजूनही म्हणते की नाही. आपल्या भाषेत विशेषण स्वतःच सांगतं की ते कुणाचं आहे, तर मग डावात ती सोय का सोडायची? पाच विरुद्ध एक मतांनी नियम माझ्या बाजूने झाला.

आणि मग 'सांबार'. अमरावतीची क्लू देत होती, मी आणि मालवणची तिच्या संघात. ती म्हणाली, 'सांबार, दोन'. टेबलावर वडा होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ वड्यावर बोट ठेवलं. तेच काळं कार्ड. डावातला आमचा दुसराच क्लू आणि डाव संपला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अवं बाप्पा, सांबार म्हणजे कोथिंबीरच नं!" तिचे शब्द होते जुडी आणि मंडई. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी तिने सांबारवडी करून खायला घातली. त्या दिवसापासून आम्ही गावाकडचे शब्द क्लू म्हणून मुद्दाम चालू दिले आहेत. मालवणची आता गप्पांसाठीचा तिचा शब्द वापरून 'गजाली, दोन' म्हणते तेव्हा आम्ही न विचारता कट्टा आणि चहा उचलतो. जळगावचीच्या घरी टोमॅटोला भेदरं म्हणतात, तेही पाठ झालं आहे. दीड वर्ष एका छताखाली राहून एकमेकींच्या बोलीबद्दल जेवढं कळलं नव्हतं तेवढं या कार्डांनी दोन महिन्यांत शिकवलं.

आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. इंग्रजी कार्डं होती तोवर त्या स्वयंपाकघरातून नुसत्या हाका ऐकायच्या. मराठी कार्डं आल्यावर एकदा हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, बसा ना." बसल्या. दोन डाव नुसत्या ओळखणाऱ्यांत होत्या, तिसऱ्यात म्हणाल्या, मी सांगते. बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिल्या. वाळूचं घड्याळ आम्ही उलटं केलंच नाही. मग म्हणाल्या, "जातं. तीन." पीठ आणि दगड आम्ही लगेच उचलले. तिसरा सापडेना. नाशिकची 'चाक' म्हणत होती, आणि मावशी नियम पाळून छताकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मला एकदम आजी आठवली, पहाटे दळताना काय काय म्हणायच्या ते सांगायची ती. मी ओवीवर बोट ठेवलं. मावशींनी झाकणकार्ड इतकं हलकेच ठेवलं की आवाजही झाला नाही, आणि मग खूप हसल्या.

खेळात उणं काहीच नाही असं नाही. चार माणसं नसतील तर मूळ खेळाला जीव येत नाही. दोघींसाठी २०१७ साली आलेला 'कोडनेम्स ड्युएट' घ्या. त्यात दोघी मिळून खेळता आणि आपली मराठी कार्डं त्यालाही लागतात. क्लू देणारी विचार करत बसली की बाकीच्यांना थांबावं लागतं. साताऱ्याची एका क्लूला पाच मिनिटं घेते आणि आम्हाला ते चालतं, पण तुमच्याकडे चालेल असं नाही. संघात एखादी मोठ्या आवाजाची असेल तर हळू बोलणारीचं बरोबर उत्तर तिच्याखाली दबतं. आम्ही बोट ठेवायची पाळी लावून टाकली आहे, त्याने फरक पडला. आणि मार्करची शाई घामाच्या बोटांनी पुसट होते, तेव्हा कार्डं करणार असाल तर छापूनच घ्या. आम्ही आता दुसरा गठ्ठा छापायला दिला आहे. गुप्त नकाशाची कार्डं आणि घड्याळ यांसाठी मात्र मूळ खोकं लागतंच, ते वाचवायला जाऊ नका.

नव्या गठ्ठ्यासाठी सगळ्यांकडून शब्द मागवले होते. मावशींनी तीन दिले: उखळ, शिंकं आणि वात. अमरावतीचीने विचारलं, "मावशी, ती वात की तो वात?" त्यांच्या मनात दिव्यातली होती. थोडा विचार करून म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यात दुसराही आहे, दोन्ही घ्या." कार्डावर नुसतं 'वात' छापायला सांगितलं आहे.