जुनी जिप्सी किंग: काळ्या मातीतला एक उन्हाळा आणि एक पावसाळा

गाडी मारुती जिप्सी किंग. १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग). वापर जळगाव-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागा, कापसाची शिवारं, सातपुड्याच्या पायथ्याचे नाले आणि अधूनमधून नंदुरबारकडचा चांदसैली घाट. दुरुस्ती जवळजवळ सगळी घरच्या अंगणात.

इंजिनाबद्दल थोडक्यात. तेल वेळेवर बदलले की ते त्रास देत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद मिळाली नाही तर विचार न करता नवा टाकावा. पेट्रोल मात्र पिते. शिवारात लिटरला दहाच्या पुढे अपेक्षा ठेवू नये.

खरा खर्च आणि खरी मेहनत पुढच्या एक्सलवर होते. खड्ड्यावरून गेल्यावर पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग थडथड हलायला लागते, ही जिप्सीची ठरलेली तक्रार. बहुतेक गॅरेजवाले लगेच स्टिअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारी नळी) बदलायला सांगतात. त्याने थरथर दबते, झीज तशीच राहते. आधी रिम आतून बघा. आपल्याकडचा गारा रिममध्ये बसून वाळला की विटेसारखा घट्ट होतो आणि चाकाचा तोल जातो. निम्म्या वेळा तो खरवडून धुतला की थरथर थांबते. मग टायरची हवा, बॅलन्सिंग, टाय रॉडचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीचे) एंड, व्हील बेअरिंग, पाट्यांचे बुश. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळणे सगळ्यात शेवटी. एवढे करूनही थरथर राहिली तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिचे.

ही बेअरिंग टेपर रोलरची असतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी ठोकर खातात आणि बाहेरच्या रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर) बारीक खळगे पडतात. बेअरिंगचा ताण (घट्टपणा) कमी झाला की नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, डुगडुगते.

काम एका बाजूला अर्धा दिवस खाते. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, एक्सलखाली जॅक लावा आणि मग स्टँड. नुसत्या जॅकवर आत हात घालू नका. पुढच्या हौसिंगचे (एक्सलच्या पोकळ आवरणाचे) तेल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट ओढताच ते अंगणात सांडते. कॅलिपर तारेने पाट्याला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. हब, स्पिंडल आणि शाफ्ट निघाला की वरची-खालची किंगपिन प्रत्येकी चार बोल्टवर असते. तिच्याखालचे शिम (पातळ चकत्या) वरचे वेगळे, खालचे वेगळे तारेत ओवून ठेवा. जुने बेअरिंग काढले की रेसही बदलायचीच. नवे रोलर जुन्या रेसवर घालणे म्हणजे पैसे फुकट.

जोडताना ताण मोजायला स्प्रिंगचा हुकवाला काटा पुरतो, फक्त तो पाच किलोपर्यंतचा, बारीक खुणांचा असावा. कापूस तोलायचा मोठा काटा इथे कामाचा नाही. वायपर सील (नकलमागचे बाहेरचे सील) न लावता आणि टाय रॉड सोडवून, नकलच्या टाय रॉडच्या भोकात हुक अडकवून ओढा. १ ते १.८ किलोला नकल हलायला सुरुवात झाली पाहिजे. कमी भरले तर शिम काढा, जास्त भरले तर घाला. बोल्ट २ ते ३ किलोग्रॅम-मीटरच घट्ट करायचे. लांब पाना लावला की ते तुटतात आणि तुटका तुकडा काढायला लेथवाल्याकडे जावे लागते.

शाफ्टच्या आतल्या टोकाचे ऑइल सील याच वेळी बदला. ते गेले की हौसिंगचे तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करते आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळे ओघळ येतात. लोक बाहेरचे वायपर सील बदलतात, ओघळ महिनाभरात परत. सील जुन्या रेसने सरळ ठोकून बसवा, स्क्रूड्रायव्हरने नाही. सीव्ही जॉइंटमध्ये (वळतानाही चाकाला ताकद देणाऱ्या सांध्यात) मॉलिब्डेनमचे ग्रीस भरा. फोर-व्हीलमध्ये वळताना कट-कट आवाज असेल तर ग्रीसने भागत नाही, जॉइंटच झिजलेला आहे.

पावसाळ्यातला दुसरा मुद्दा ब्रीदरचा. एक्सलच्या हौसिंगवर छोटा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) असतो, तो गाऱ्याने बुजतो. गाडी तापली की आतली हवा फुगून तेल सीलमधून बाहेर ढकलते. तशीच गरम गाडी नाल्यात घातली की हौसिंग एकदम थंड होते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पेट्रोलचा रबरी होज लावून ब्रीदरचे तोंड बॉनेटखाली उंच नेले की हा प्रश्न संपतो, खर्च नगण्य.

तेलाचे माप: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ०.८, पुढचे हौसिंग सुमारे २, मागचे दीड. भरायचा प्लग आधी उघडून बघा, मगच खालचा खोला. वरचा जाम निघाला तर गाडी तेलाविना उभी राहते. भोकातून तेल ओघळायला लागले की पुरे.

क्लच सोडताना मधोमध ठक् आवाज येतो? ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, तीन रबरी माउंटवर टांगलेली असते. ती रबरं आणि प्रोपेलर शाफ्टचे (तिथून एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आधी तपासा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करा, नाहीतर तो उलटा बसून गाडी कंप धरते.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा रेडिएटरची परीक्षा असते. जाळीत कापसाचे तंतू, धूळ आणि किडे बसतात. पाणी इंजिनाकडून बाहेर, हलक्या धारेने मारा. जोरदार प्रेशरने फिन वाकतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी कूलंटमध्ये घालू नका, डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. गरम इंजिनावर पंखा हाताला मोकळा फिरत असेल (इंजिन बंद करूनच बघा) तर त्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंखा पकडणारा भाग) गेला.

चालवण्याबद्दल एकच. हिला मधला डिफरन्शियल नाही, म्हणजे फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत, आणि लो रेंज फक्त फोर-व्हीलमध्येच मिळते. म्हणून कोरड्या डांबरी घाटात इंजिन ब्रेकिंगसाठी ४एल (फोर-व्हील लो) टाकू नका, शाफ्ट पिळतात आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर थोडे रिव्हर्स घ्या, सुटतो. हातोड्याने लिव्हर ठोकणारे फिटरही पाहायला मिळतात, त्यांच्यापासून लांब. काळ्या रानात टायर १८ पीएसआयपर्यंत उतरवले की गाडी निघते. डांबरावर येताच हवा भरा.

विकत घेणार असाल तर पत्र्याच्या चमकेवर जाऊ नका. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळची (पाटा टांगणाऱ्या पट्टीजवळची) चेसिस आणि काचेच्या खालची चौकट स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कागदही बघा: पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते. १ एप्रिल २०२२ ला मोटारीसाठी त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले होते, आता किती ते आरटीओत विचारून घ्या, आणि ग्रीन टॅक्स वेगळा. सौदा करताना ही रक्कम किमतीतून वजा करायला सांगा.