स्कॉलरशिप की नवोदय? जिल्हा परिषद शाळेतल्या हुशार मुलासाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादं मूल जरा चमकलं की गुरुजी दोन नावं घेतात: स्कॉलरशिप, म्हणजे राज्य शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा, आणि नवोदय, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीत द्यायची परीक्षा. फॉर्म दोन्हींचे भरावेत, त्यात काहीच जात नाही. पण जादा तास आणि मुलाचा उत्साह दोन्हींना सारखा पुरत नाही. जोर कशावर द्यायचा, हे आमच्या मुलीच्या वेळी आम्हाला ठरवावं लागलं.

नवोदय मिळालं तर मिळतं ते फार मोठं आहे, याबद्दल वाद नाही. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सरकारकडून, आणि 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. गावात सातवीपर्यंतच शाळा असेल आणि पुढे धड हायस्कूल नसेल, तर नवोदयचाच नाद धरा म्हणेन.

मला खटकली ती त्याची तयारी. 80 प्रश्नांतले 40 नुसते आकृत्यांचे: आरशातली प्रतिमा, घडी घातलेल्या कागदाची छिद्रं, लपलेली आकृती. निम्मे गुण तिथेच. गणिताचे प्रश्न 20. आमच्या मुलीला गणिताचं वेड. पुस्तकातलं उदाहरण सोडवलं की त्यातले आकडे बदलून स्वतःचं नवं रचायची. आणि ती रोज संध्याकाळी छिद्रं मोजत बसलेली. वहीत तिची स्वतःची उदाहरणं दिसेनाशी झाली, ते मला सहन होईना. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते आणि एका विद्यालयात जागा जास्तीत जास्त 80. निवड झाली नाही, तर त्या आकृत्या सहावीच्या कुठल्याच तासाला उपयोगी पडत नाहीत.

स्कॉलरशिपलाही बुद्धिमत्ता चाचणी आहे, 300 पैकी 100 गुणांची. एकेका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न म्हणजे घाईही आहेच. सावकाश विचार करणाऱ्या मुलावर तो अन्यायच वाटतो. पण 100 गुण गणिताला आहेत, मराठीचे उतारे आहेत, इंग्रजी आहे. यादीत नाव न आलेल्या मुलाचेही अपूर्णांक पक्के झालेले असतात. आमच्या शाळेत बाईंनी स्कॉलरशिपचा जादा तास हवा त्या सगळ्यांसाठी ठेवला होता. मुलगी तिथे मैत्रिणींना अपूर्णांक समजावून सांगायची आणि त्यांच्या शंकांनी स्वतःच अडायची. हुशार मुलाला असं अडायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. एकाच घरचा हा अनुभव, तरी माझं मत स्कॉलरशिपकडेच झुकतं.

2016-17 पासून पाचवीला असलेली स्कॉलरशिप पुन्हा चौथीला नेण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये घेतला. त्यामुळे पुढच्या मुलांना दोन्हींची ओढाताण कमी होईल. चौथीत स्कॉलरशिप मनापासून करावी, पाचवीत गणित-भाषा तशीच चालू ठेवावी आणि आकृत्या नवोदयच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत उरकाव्यात.