हिप रिप्लेसमेंटनंतर वॉकर की काठी?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईने विचारलं, आईचं हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन, होऊन महिना झाला, मांडी अजून दुखून राहिली, तर वॉकरच ठेवू की काठी देऊ. माझ्या आईच्या वेळी आम्हीही ह्यातच अडकलो होतो.

आधाराला वॉकरच भारी, चार पाय जमिनीवर, तोल सहसा जात नाही आणि पायावरचा बराच भार हातांवर घेता येतो. पण महालातल्या जुन्या घरांत उंच उंबरठे, अरुंद दारं, तिथे तो अडकतो. जिन्यावर तर साधा वॉकर वापरायचाच नाही. तिथे एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

काठीत लोकं चुकतात ते हाताला! ऑपरेशन उजवीकडे तर काठी डाव्या हातात. आमची आई दुखऱ्या बाजूलाच धरायची अन् तिकडेच झुकत चालायची, फिजिओने हात बदलून दिला तेव्हा खुब्यावरचा ताण कमी झाला. उंची मनगटापर्यंत, आणि टोकाचं रबर झिजलं की लगेच बदला.

खर्च काठीचा कमी, वॉकर भाड्यानेही मिळतो.

ताई, दुखणं वाढतच असेल, ताप येत असेल, जखमेतून पाणी येत असेल किंवा पोटरी सुजली असेल तर आधी सर्जनकडे जा, त्याच दिवशी.

तोल जातो किंवा डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला नाही म्हटलंय, तर वॉकर. पूर्ण भाराची परवानगी आहे, तोल चांगला आहे, जिना चढावा लागतो, तर काठी.