दोन दिवसांच्या रायटर्स कॉन्फरन्सला जाऊन आले, साडेतीन स्टार

चार वर्षं एकच कादंबरी खरडतेय, घरच्यांनीही आता विचारायचं सोडलंय, म्हणून म्हटलं जाऊन तरी बघू, निदान आपल्यासारखी वेडी माणसं तरी भेटतील. भेटली. भरपूर भेटली.

जे नाही आवडलं ते आधी सांगून टाकते. परिसंवाद. स्टेजवर पाचजण, नीट चालणारा माइक एक, आणि विषय 'मी का लिहितो' टाइप. प्रश्नोत्तरांत प्रश्न कमी आणि उठलेल्या माणसाच्या स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात जास्त. दुपारी मी चक्क डुलक्या काढल्या.

पण क्रिटिक ग्रुप, म्हणजे एकमेकांची पानं वाचून त्यांवर बोलायचं! तिथे पैसे वसूल. आठजण, प्रत्येकाची दोन पानं आधीच सगळ्यांना मेल केलेली, आणि नियम असा की ज्याची पानं चालू आहेत त्याने तोंड उघडायचं नाही. अमेरिकेत आयोवाला १९३६ मधे सुरू झालेलं रायटर्स वर्कशॉप या पद्धतीसाठी फेमस आहे, आणि लेखकालाच गप्प का बसवता म्हणून तिच्यावर टीकाही होते, पण मला बसवलं ते बरंच झालं, नाहीतर मी एकेका वाक्याची वकिली करत बसले असते. वर आपली पानं दुसऱ्याने मोठ्यांदा वाचायची. माझी वाचणारे काका एका वाक्यात अडखळले, मागे गेले, परत तिथेच अडखळले. माझं सगळ्यात लाडकं वाक्य हो ते, चार ओळींचं! कोणी काही बोललं नाही, गरजच नव्हती, मी तिथल्या तिथे पेनाने त्याचे तीन तुकडे केले.

मग एका मुलीने विचारलं, ती किल्ली परत द्यायला आलेली बाई पुढे कुठे जाते? ती बाई माझ्याकडे एका ओळीपुरती आहे, दार वाजवते, किल्ली देते, संपलं. मलाच माहीत नव्हतं कुठे जाते ते. घरी आल्यापासून तिच्यावर सतरा पानं झालीत.

संपादकांच्या भेटीला १० मिनिटं म्हणाले होते, रांग लांबत गेली आणि मला मिळाली सहा. त्यातली चार मी कथानक सांगण्यात घालवली. त्यांनी एवढंच विचारलं, "लिहून पूर्ण झालीय?" नाही म्हटल्यावर, "मग झाली की या." राग आला जरा, पण नवख्याची अर्धी कादंबरी घेऊन ते तरी काय करणार.

जाणार असाल तर पानं १२ पॉइंटमधे, डबल स्पेसिंगने प्रिंट करून न्या, लोकांना ओळींच्या मधे लिहायला जागा लागते. माझी सिंगल होती, त्यामुळे सगळे शेरे समासात आडवेतिडवे कोंबलेत आणि दोन तर अजून लागलेच नाहीत. आणि स्वेटर न्या, एसी भयंकर होता.